बावीस वर्षं कुणी न पाहिलेली नाडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात स्तनाच्या कॅन्सरवर पूर्ण पान आलं होतं. गुलाबी फीत, आरशासमोर उभं राहून गाठ कशी तपासायची त्याची चित्रं, मॅमोग्राफी कधी करायची, सगळं नीट दिलेलं. मी ते दोनदा वाचलं आणि शेजारणीलाही वाचून दाखवलं. पण पानाच्या तळाला एक चौकट होती. पाच वर्षं गाठ परत आली नाही की बाई त्यातून सुटली, असा तिचा एकूण अर्थ. त्या चौकटीपाशी माझं घोडं अडलं. मला सुटून सव्वीस वर्षं झाली आणि मधल्या काळात माझ्या डाव्या हाताची नाडी गेली होती. ती कधी गेली हे मला माहीत नाही. कारण बावीस वर्षांत त्या मनगटाला कुणी बोटच लावलं नव्हतं. मीही नाही.

मी बेळगावच्या शहापुरात ब्लाऊज शिवते. चाळीस वर्षं झाली. मशीन तेच, पायाचं. मोटर मागाहून बसवली. शिक्षण एसएससीपर्यंत, मराठी शाळेत. डॉक्टरी मला कळते असं नाही. जे माझ्या हातावर झालं आणि ज्यांनी तपासलं त्यांच्याकडून जे विचारून घेतलं, तेवढंच लिहिते.

१९९९ साली मी एकोणचाळीस वर्षांची होते. डाव्या बाजूला गाठ. ऑपरेशन बेळगावातच झालं, स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. मग केमो. त्याबद्दल काही लिहीत नाही, ज्यांनी घेतली त्यांना माहीत आहे. त्यानंतर लाईट घ्यायला मिरजेला जायचं ठरलं. आमच्याकडे रेडिएशनला लाईटच म्हणतात, काही जणी शेक म्हणतात. सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे, एकूण पंचवीस. मामेबहिणीकडे राहायचे आणि शनिवारी गाडीने घरी. उगार, कुडची, रायबाग, घटप्रभा ही स्टेशनं मला अजून डोळे मिटून सांगता येतात. त्या वर्षीची दिवाळीची शिलाई सगळी बुडाली. गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, त्यातली निम्मी परत आली.

पहिल्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी माझ्या छातीवर जांभळ्या शाईने रेघा मारल्या. एक चौकट छातीवर आणि एक वर, कॉलरबोनच्या आसपास, जिथून मी गळ्याची खोली मोजायला टेप लावते बरोबर तिथे. पाच आठवडे त्या पुसायच्या नाहीत, साबण लावायचा नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कापडावर खडूने रेघा मारल्या, तेव्हा एकदा माझ्यावर कटिंगची वेळ आली. मशीन कोबाल्टचं होतं, म्हणजे आत किरण सोडणारा कोबाल्टचा तुकडा, त्यालाच सोर्स म्हणतात. तिथला टेक्निशियन बोलका होता. तो म्हणायचा, "मावशी, सोर्स जुना झालाय, म्हणून जास्त वेळ झोपावं लागतं." कोबाल्टचा जोर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो, मग तेवढाच डोस द्यायला मिनिटं जास्त लागतात, असं त्याने मला समजावलं होतं. झोपल्यावर काही कळत नाही. दुखत नाही, भाजत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून कातडी काळपट पडली आणि घास गिळताना घशात टोचायला लागलं, तेवढंच.

निघताना एक सूचना पक्की मिळाली. या हाताला बीपीचा पट्टा लावू द्यायचा नाही, सुई टोचू द्यायची नाही, रक्त काढू द्यायचं नाही, घट्ट बांगड्या नकोत. काखेतल्या गाठी काढल्या की हात सुजू शकतो म्हणून. कारण खरंच होतं, माझ्या बरोबरच्या दोघींचे हात सुजले होते. मी ती सूचना सोळा सोमवारांसारखी पाळली. दवाखान्यात गेले की आधी डावा हात पदराखाली घ्यायचा आणि उजवा पुढे करायचा. डॉक्टर नवे असोत की जुने, "डाव्याचं ऑपरेशन झालंय" म्हटलं की पुढे कुणी विचारत नसे. बीपी उजव्या हाताला, सलाईन उजव्या हाताला. डावा हात जणू देवघरात ठेवला होता.

आता माझ्या दुसऱ्या कामाबद्दल थोडं, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. ऑपरेशननंतर मला स्वतःसाठी ब्लाऊज शिवायची वेळ आली. एक बाजू सपाट, त्यामुळे खांदा एकीकडे उतरतो, पदर ठरत नाही. मी अस्तराला आतून कप्पा लावला आणि त्यात कापसाची गादी घातली. कापूस हलका पडला, वर वर सरकायला लागला. मग मधे मोहरीची पुरचुंडी शिवून घातली, वजन बरोबर आलं. हे एकीने पाहिलं, तिने दुसरीला सांगितलं. निपाणी, खानापूर, हुक्केरी, कुठून कुठून बायका येतात. एकीने पुरचुंडी न काढताच ब्लाऊज भिजत घातला. पावसाळा होता, चार दिवस वाळला नाही आणि तिच्या मोहरीला मोड आले. ती हसत हसत दाखवायला आली होती. सांगायचं ते हे, की अशा बायकांची मापं मी घेते. दोन्ही दंडघेर वेगवेगळे मोजते, कारण एक बाही दुसरीपेक्षा दोन-दोन इंच मोठी कापावी लागते. ज्या बायका नवऱ्याला हात दाखवत नाहीत, त्या माझ्यासमोर पदर काढून उभ्या राहतात.

२०१८ च्या सुमाराला माझा डावा हात दमायला लागला. सुजला नाही, दुखलाही नाही, दमला. शिवताना डावा हात कापड सरकवतो, उजवा धरतो. दोन ब्लाऊज झाले की डाव्या हाताला गोळे यायचे, थांबलं की पाच मिनिटांत बरं. वेणी घालताना मधेच हात खाली घ्यावा लागे. दोरीवर साडी वाळत घालताना तसंच. डिसेंबरात बेळगावची थंडी पडली की त्या हाताची बोटं पांढरी पडायची, भिजवलेल्या तांदळासारखी. नातू खोड्या काढायला माझी बोटं स्वतःच्या गालाला लावायचा आणि ओरडायचा.

तीन ठिकाणी दाखवलं. नावं लिहीत नाही, त्यांनी मुद्दाम काही केलं नाही. एकाने सांगितलं, हात सुजायची सुरुवात आहे, उशीवर ठेवून झोपा. दुसऱ्याने मानेचा एक्स-रे काढला आणि मणक्यात नस दबली म्हणाला. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मानेचा एक्स-रे काढलात तर काहीतरी सापडणारच. सहा महिने गळ्याला पट्टा लावून मशीनवर बसले. तिसऱ्याने वय विचारलं आणि कॅल्शियम लिहून दिलं.

इथे आपल्या भाषेचाही घोळ आहे. नस म्हणजे आपल्याला सगळंच. रक्त वाहतं तीही नस, मुंग्या येतात तीही नस, दबली तरी नस, फुगली तरी नस. "नस दबली" म्हटल्यावर मी समजले की रक्त अडलंय, आणि डॉक्टर बोलत होते मज्जातंतूबद्दल. गंमत अशी की माझी चुकीची समजूतच शेवटी बरोबर निघाली.

२०२२ च्या जानेवारीत मशीनची सुई माझ्या डाव्या तर्जनीत शिरली. टेलरला हे नवं नाही. सुई काढायची, हळद दाबायची आणि पुढचा ब्लाऊज घ्यायचा. पण या वेळी जखम भरेना. तीन आठवडे झाले, महिना झाला, टोकाला काळं पडायला लागलं. ड्रेसिंगला रोज जवळच्या दवाखान्यात जायचे. तिथे एक शिकाऊ नर्स होती, कन्नड मुलगी, विशीची. कोविडचे दिवस, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येकाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचा. उजव्या तर्जनीला पट्टी-बिट्टी काही नव्हती, तरी त्या दिवशी तिने डाव्या हाताचं मधलं बोट धरलं आणि चिमटा लावला. आकडा येईना. नुसत्या रेघा. तिने बॅटरी काढून घासून परत घातली. रेघाच. उजव्या हाताला लावला तर अठ्ठ्याण्णव. मी म्हटलं, "बाळ, थंडी आहे, बोट गार आहे." ती ऐकेना. "अज्जी, कै कोडी," म्हणत तिने माझं डावं मनगट धरलं. अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवली, डोळे घड्याळावर. मग बोटं थोडी वर सरकवली, थोडी खाली. मग उजवं मनगट, मग पुन्हा डावं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. माझ्यापेक्षा तीच घाबरली होती. आतल्या डॉक्टरांकडे बघून म्हणाली, "नाडी सिगता इल्ला," म्हणजे नाडी सापडत नाही. कन्नड मला बाजारापुरतं येतं, पण नाडी दोन्ही भाषांत नाडीच.

डॉक्टरांनी बावीस वर्षांचा नियम मोडून दोन्ही दंडांना पट्टा लावला. उजवीकडे वरचा आकडा १४८. डावीकडे ८६. दोन हातांत पंधराच्या वर फरक असला तरी शंका घ्यायची असते, इथे तर बासष्टचा होता.

पुढचं भराभर झालं. डॉप्लर, म्हणजे रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, मग धमन्या दिसाव्यात म्हणून रंग घालून सीटी अँजिओग्राफी. छातीतून निघून कॉलरबोनच्या खालून काखेत आणि तिथून हातात जाणारी जी मोठी धमनी असते, ती माझी कॉलरबोनपासून काखेपर्यंत बोटभर लांबीत बारीक होत होत जवळजवळ बंद झाली होती. पडद्यावर मला दाखवली. वर नीट, खाली नीट, मधेच आवळलेली. रक्त आजूबाजूच्या बारीक वाटांनी कसंबसं हाताला पोचत होतं. बसून राहिलं तर पुरायचं, काम केलं की कमी पडायचं. म्हणून हात दमायचा आणि थांबल्यावर बरा व्हायचा.

रक्तवाहिन्यांच्या त्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पूर्वी कधी रेडिएशन घेतलंय? किती, कुठे?" बहुतेकींना याचं उत्तर देता येत नाही, असंही तेच म्हणाले. मला देता आलं ते केवळ नशिबाने. मिरजेचं कार्ड जाड पुठ्ठ्याचं होतं, म्हणून मी ते टाकून न देता ब्लाऊजच्या पेपर कटिंगच्या पिशवीत ठेवलं होतं, बत्तीस आणि चौतीसच्या मापांच्या मधे. त्यावर लिहिलं होतं: डावी छाती व कॉलरबोनवरचा भाग, ५००० सेंटीग्रे, २५ फ्रॅक्शन. म्हणजे पंचवीस लाईट मिळून पन्नास ग्रे. ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं माप. डॉक्टरांनी कार्डावरची जागा आणि पडद्यावरची आवळलेली जागा जुळवून बघितली. जांभळ्या रेघांची वरची चौकट जिथे होती तिथेच धमनी आवळली होती. बाकी ठिकाणच्या धमन्या वयाच्या मानाने बऱ्या.

हे का होतं ते त्यांनी मला असं समजावलं. किरणांनी कॅन्सरच्या पेशी मरतात, पण वाटेत जे येईल त्यालाही थोडं लागतं. धमनीच्या आतलं नाजूक अस्तर दुखावतं. धमनीच्या जाड भिंतीला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या वाहिन्या असतात, त्या बुजतात. भिंत हळूहळू कडक होते, आतून जाड होते, त्यावर चरबी लवकर साचते. यातलं काहीच लाईट घेताना कळत नाही. दहा, पंधरा, वीस वर्षांनी कळतं. मी घरी येऊन सुनेला माझ्या पद्धतीने सांगितलं. परकराचा नेफा धुऊन धुऊन आटला की आतली नाडी सरकत नाही, तसं. सून म्हणाली, "आई, तुम्हाला सगळीकडे परकरच दिसतो."

सगळं खापर लाईटवर फोडू नका, असंही ते म्हणाले. वय आहे, बीपी आहे, कोलेस्टेरॉल आहे. मग विचारलं, "तंबाखू?" मी म्हटलं, "छे, कधीच नाही." "मिश्री?" मी म्हटलं, "ती तर दात घासायला." डॉक्टर काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. बारा-तेराव्या वर्षापासून मी दिवसातून तीनदा मिश्री लावत होते. तव्यावर तंबाखू भाजून मी स्वतः करायचे, घरभर ठसका उठायचा. आमच्या भागात, निपाणीच्या तंबाखूच्या राज्यात, मिश्रीला तंबाखू समजणारी बाई मला अजून भेटलेली नाही. पण तंबाखूने धमन्या आकसतात, आणि लाईट लागलेल्या धमनीला तर ते आणखी वाईट. मिश्री सुटायला मला आठ महिने लागले. हाताच्या त्रासापेक्षा ते जड गेलं.

मग त्यांनी मानेच्या धमन्यांचाही डॉप्लर केला आणि हृदयाचा इको. कॉलरबोनवर लाईट दिला की मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या मुळाला लागू शकतो, आणि डाव्या बाजूला दिला की हृदयाला. माझी पुतणी नर्सिंग करते, तिने मला याबद्दल वाचून दाखवलं. २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या २१६८ बायकांचा अभ्यास आला होता. त्यांनी १९५८ ते २००१ च्या दरम्यान लाईट घेतले होते, म्हणजे माझ्याच पिढीच्या आणि आधीच्या. हृदयाला सरासरी जितके ग्रे लागले, त्यातल्या दर ग्रेमागे हार्ट अटॅक आणि तशा मोठ्या दुखण्यांचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. तो पहिल्या पाच वर्षांतच वाढायला लागतो आणि वीस वर्षांनंतरही राहतो. डाव्या बाजूवाल्यांच्या हृदयाला सरासरी ६.६ ग्रे लागले होते, उजव्या बाजूवाल्यांच्या २.९. ज्यांना आधीच हृदयाचा त्रास होता त्यांना जास्त धोका. पुतणीने वाचून झाल्यावर माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पुढे वाच.

माझ्या धमनीत जांघेतून तार घालून फुगा फुगवला आणि स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवला. उघडं ऑपरेशन का नाही, तर लाईट लागलेली कातडी आणि मांस नीट भरून येत नाही म्हणून. भूल फक्त जांघेपुरती होती, त्यामुळे मी जागी होते. फुगा फुगला तेव्हा खांद्यात कळ आली. आणि मग, टेबलावरच, डावा तळवा गरम झाला. गरम म्हणजे ऊन दुधाचा पेला धरल्यासारखा. मी तिथल्या सिस्टरला म्हटलं, हात लावून बघ. तिने बघितला. तर्जनीची जखम तीन आठवड्यांत भरली, टोकाचा थोडा भाग गेला तो गेलाच. आता रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या आणि कोलेस्टेरॉलची गोळी रोज, आणि वर्षातून एकदा डॉप्लर, कारण तिथे स्टेंट कॉलरबोन आणि पहिल्या फासळीच्या मधे चेपू शकतो.

खर्च दीड लाखाच्या वर गेला. कुठलं कार्ड चालेल, कुठल्या खिडकीवर कन्नडमधून अर्ज भरायचा, यात मुलाचे चार दिवस गेले. नंतर २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी आरोग्य योजना जाहीर केली, इकडच्या सरकारने हरकत घेतली, आपल्या अंकात ते सगळं पहिल्या पानावर आलं. त्यावर मी काही लिहिणार नाही, लिहिणारे पुष्कळ आहेत. माझ्या हाताची धमनी कुठल्या राज्याची, हे मात्र डॉप्लरमध्ये दिसलं नाही.

तेव्हापासून माप घेताना मी एक जास्तीचं काम करते. दंडघेर झाला की टेप गळ्यात टाकते आणि दोन्ही मनगटं एकदम हातात घेते. अंगठ्याच्या मुळाशी बोटं ठेवून दोन्हीकडे सारखं उडतंय का बघते. अर्धा मिनिट लागतो. बायका विचारतात, हे कसलं माप? मी सांगते. एका हाताची बोटं दुसऱ्यापेक्षा गार आहेत का, काम करताना हात दमतो आणि थांबल्यावर सुटतो का, हात वर धरला की चक्कर येते का, तेही विचारते. सूज आली तर ती वेगळी गोष्ट, मुंग्या आणि बधिरपणा आला तर तो मज्जातंतूंचा असू शकतो, तेही लाईटनंतर होतं. पण गार, पांढरा आणि कामाने दमणारा हात दिसला की रक्ताचा विचार करायचा. हे मी डॉक्टरांना विचारून पाठ केलंय.

माझी फजितीही सांगते. निपाणीहून विडी वळणारी एक बाई येते, उजव्या बाजूचं ऑपरेशन. तिची उजवी नाडी मला लागेना. मी घाबरले, तिलाही घाबरवलं आणि दुसऱ्याच दिवशी डॉप्लरला पाठवलं. धमनी ठणठणीत निघाली. हात सुजलेला होता, त्या सुजेखाली नाडी मलाच सापडली नव्हती. तिची दोन दिवसांची मजुरी, एसटीचं भाडं, डॉप्लरचे पैसे, सगळं गेलं. पुढच्या वेळी येऊन ती मला म्हणाली, "वयनी, तुम्ही आपलं ब्लाऊजचं बघा की." बरोबर बोलली. तरी मी तिची मनगटं परत धरली आणि तिने धरू दिली.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि हे छापताना कृपया गाळू नका. हे वाचून कुणी लाईट नको म्हणू नये. काखेतल्या गाठींत कॅन्सर पोचलेला असताना लाईटमुळे तो परत येणं आणि त्यातून मरण येणं कमी होतं, हे पक्कं आहे. मी तेव्हा नको म्हटलं असतं तर नातवाच्या गालाला लावायला हातच नसता. शिवाय आता १९९९ राहिलेलं नाही. माझ्या वेळी हाडांच्या खुणांवर रेघा मारत, आता सीटी काढून कुठे किती लागणार याचा हिशोब आधी होतो. पंचवीसऐवजी बऱ्याच जणींना पंधरा लाईटमध्ये काम होतं, काहींना पाचच. आणि बेळगावातच होतं. खानापूरकडच्या एका गिऱ्हाइकाची डावी बाजू होती, तिला श्वास रोखून धरायला शिकवलं. छातीत हवा भरून धरली की हृदय छातीच्या भिंतीपासून लांब सरकतं आणि किरणांतून वाचतं. घरी सराव करा म्हणाले होते. ती माझ्या दुकानात स्टुलावर बसून छाती भरून घ्यायची आणि मी मशीन न थांबवता मोठ्याने आकडे मोजायचे. पहिल्या दिवशी बारालाच फुटली, हसायला लागली. आठवड्याने पंचवीसपर्यंत गेली.

म्हणून माझी विनंती नव्या बायकांपेक्षा जुन्यांसाठी आहे. ज्यांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी कोबाल्टवर लाईट घेतले, ज्यांच्या फायली पावसात भिजल्या किंवा कसरीने खाल्ल्या, ज्यांना कुणी आता तपासायला बोलवत नाही, त्यांच्यासाठी तुमच्या त्या पानात चार ओळी असायला हव्या होत्या. दरवर्षी ऑक्टोबरात आपल्याकडे शिबिरं होतात, दोनदा मलाही व्यासपीठावर बसवून गुलाबाचं फूल दिलंय. फूल देणाऱ्याने त्याच वेळी माझं मनगट धरलं असतं तर २०१८ सालीच कळलं असतं. नाडी बघायला पट्टा लागत नाही, म्हणजे हात सुजायचीही भीती नाही, बोटं लागतात. आणि लाईट संपतात त्या दिवशी प्रत्येकीच्या हातात एक जाड कार्ड द्या. कुठली बाजू, कुठपर्यंत, किती ग्रे, कुठल्या साली, आणि "हे आयुष्यभर जपा, पुढच्या प्रत्येक डॉक्टरला दाखवा" ही एक ओळ मराठीत आणि कन्नडमध्ये. कागदावर देऊ नका, पुठ्ठ्यावर द्या. कागदाच्या आम्ही पुड्या बांधतो.

हे पत्र लांबलंय, जागेअभावी कापायचं असेल तर माझी फजिती कापा, पण मिश्रीचा भाग ठेवा. आणि शक्य असेल तर राशिभविष्याच्या शेजारी छापा. आमच्या गल्लीत पेपर तिथूनच उघडतात.

आपली नम्र वाचक,
एक शिलाईवाली, शहापूर, बेळगाव

ता. क. : कप्प्याचा ब्लाऊज शिवून हवा असलेल्यांनी दोन बोटं जास्त अस्तर आणावं, मोहरी माझ्याकडे असते. धुताना पुरचुंडी काढून ठेवावी.